अंधारातली पंगत

बालमित्रांनो, आंधळी कोशिंबीर तुम्ही सगळ्यांनीच खेळली असेल. डोळ्यांवर रुमाल बांधायचा, दोन-तीन गिरक्या घ्यायच्या आणि हात पुढे करून चाचपडत निघायचं! ज्याच्यावर राज्य असतं त्याची तारांबळ उडते आणि बाकीच्यांची हसून हसून मुरकुंडी वळते. पण समजा, तशाच अंधारात तुम्हाला जेवायला बसवलं आणि ताटातली कोशिंबीर शोधून खायला सांगितली तर?

हसू नका हं! असं जेवण देणारी हॉटेलं जगात खरोखरच निघाली आहेत. स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात सप्टेंबर १९९९ मध्ये असं एक हॉटेल सुरू झालं. एका जुन्या चर्चच्या इमारतीत. त्याचं नाव ‘ब्लिंडे कू’. जर्मन भाषेत याचा अर्थ ‘आंधळी गाय’. आणि गंमत म्हणजे, तिकडची मुलं आंधळ्या कोशिंबिरीच्या खेळाला हेच नाव देतात! युर्ग श्पीलमान नावाचे एक अंध धर्मगुरू आणि त्यांचे सहकारी यांनी हे हॉटेल काढलं. पुढे २००४ साली फ्रान्सच्या पॅरिस शहरात ‘दां ल न्वार’ म्हणजे ‘अंधारात’ नावाचं हॉटेल निघालं. आणि २०११ साली आपल्या शेजारच्या हैदराबादलाही अशी सोय झाली. तिथल्या भोजनगृहाचं नाव होतं ‘टेस्ट ऑफ डार्कनेस’, म्हणजे अंधाराची चव. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारशाहहून दक्षिणेकडे जाणाऱ्या आगगाडीत बसलं की हैदराबाद काही फार दूर नाही.

चला तर मग, आज आपण मनातल्या मनात अशा एका हॉटेलात जेवून येऊ.

खांद्यावर हात ठेवा!

दारापाशी उजेड आहे. तिथे तुमचं घड्याळ आणि मोबाइल फोन काढून कपाटात ठेवायला सांगतात. का? तर घड्याळाचा चमकणारा काटासुद्धा आत चालत नाही. मग तुमचे वाढपी येतात. त्यांना दिसत नाही. ते म्हणतात, “माझ्या खांद्यावर हात ठेवा. मागच्याने तुमच्या खांद्यावर ठेवावा.” झाली आपली झुकझुक गाडी तयार! एक जाड पडदा, मग दुसरा पडदा, आणि मग... काही नाही. नुसता काळोख.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या मुलांना वाटेल, “त्यात काय? लाईन गेली की आमच्या गावात रोजच अंधार असतो!” पण तो अंधार निराळा. जंगलातल्या अमावास्येच्या रात्रीसुद्धा आभाळात चांदण्या असतात. पहिल्यांदा काही दिसत नाही. पण अर्ध्या तासात डोळे सरावतात आणि झाडांचे शेंडे, पायवाट, कुंपण दिसू लागतं. या हॉटेलात मात्र कितीही वेळ बसा, डोळे सरावतच नाहीत. कारण सरावायला तिथे उजेडाचा एक कणही नसतो. डोळे उघडे ठेवा की मिटा, सारखंच! डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही म्हणतात ना, तसा हा अंधार.

आता पाहा कशी गंमत होते ती. बाहेर रस्त्यावर तुम्ही त्या वाढप्यांना रस्ता ओलांडायला मदत केली असती. इथे तेच तुम्हाला हाताला धरून खुर्चीवर बसवतात. “उजव्या हाताला पाण्याचा पेला आहे. सावकाश हात न्या, सांडेल.” तुम्ही घाबरून हाक मारता आणि ते शांतपणे उत्तर देतात. कुठल्या टेबलावर कोण, किती पावलांवर वळायचं, कुठे खुर्ची आहे, हे सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. एकमेकांची टक्कर होऊ नये म्हणून ते चालताना आवाज देतात. आपल्या लग्नाच्या पंगतीत नाही का वाढपी “भाजी घ्या भाजी, वरण आलं वरण” असं ओरडत येतात? तसंच.

डोळे सुट्टीवर गेले की...

आता जेवण येतं. ताटात काय आहे, हे कुणी आधी सांगत नाही. ओळखायचं काम तुमचं!

इथे आपल्याला एक मोठा फायदा आहे बरं का. युरोपातली मंडळी काट्या-चमच्याने जेवतात. अंधारात त्यांचा काटा मटारच्या दाण्यामागे धावत राहतो आणि तोंडात नुसता रिकामाच काटा जातो! शेवटी बरेच जण हळूच बोटांनी खाऊ लागतात. बघायला कोण येणार? आपण तर जन्मापासून हातानेच जेवतो. भात मोकळा झालाय की गिच्च, पोळी मऊ आहे की वातड, वरण कोमट आहे की गरम, हे जिभेच्या आधी आपल्या बोटांना कळतं.

पण डोळे नसताना चव ओळखणं वाटतं तितकं सोपं नाही. चव ही एकट्या जिभेची कामगिरी नसते. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच गोष्टी कळतात. बाकी सगळं काम नाकाचं. घास चावताना त्याचा वास घशाच्या मागच्या बाजूने वर नाकात जातो आणि तेव्हा कुठे आपण म्हणतो, “अरे, ही तर बडीशेप!” सर्दी झाली की जेवण बेचव लागतं ते यामुळेच.

आणि कान? हो, कानसुद्धा जेवतात! इंग्लंडच्या ऑक्सफर्ड विद्यापीठातले चार्ल्स स्पेन्स आणि त्यांचे सहकारी मासिमिलियानो झांपिनी यांनी २००४ साली एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांच्या कानाला यंत्र लावून त्यांना बटाट्याचे वेफर्स खायला दिले. वेफर्स सगळे एकसारखेच. पण चावण्याचा कुर्रकुर्र आवाज यंत्राने मोठा करून ऐकवला की लोक म्हणायचे, “हा ताजा आहे, कुरकुरीत आहे!” आवाज कमी केला की तोच वेफर त्यांना सादळलेला वाटायचा.

एरवी डोळे इतकी घाई करतात की नाक, कान आणि बोटं यांना बोलायची संधीच मिळत नाही. वर्गात एखादा हुशार मुलगा प्रत्येक प्रश्नाला पहिला हात वर करतो आणि बाकीचे गप्प बसतात ना, तसं. तो मुलगा एक दिवस सुट्टीवर गेला की मग कळतं, इतरांनाही बरंच येत होतं!

ही कल्पना सुचली कुणाला?

ही कथा जर्मनीतली. आंद्रेआस हाइनेके नावाचे एक गृहस्थ १९८०च्या दशकात तिथल्या एका रेडिओ केंद्रात काम करत होते. अपघातात दृष्टी गेलेला एक तरुण पत्रकार तिथे आला आणि त्याला नव्याने कामाला तयार करायची जबाबदारी हाइनेकेंवर आली. आधी त्यांना त्याची फार कीव आली. आता याचं आयुष्य ते काय उरलं, असं वाटलं. पण रोज बरोबर काम करता करता लक्षात आलं की, हा तरुण तर मजेत आहे, हुशार आहे, कामसू आहे. अडचण त्याच्या डोळ्यांपेक्षा इतरांच्या समजुतीत जास्त आहे.

मग हाइनेकेंनी ठरवलं, डोळसांना एकदा अंधांच्या राज्यात न्यायचं. १९८८ साली फ्रँकफुर्ट शहरात त्यांनी ‘अंधारातला संवाद’ नावाचं प्रदर्शन भरवलं. पूर्ण काळोखी खोल्या, आणि वाट दाखवायला अंध मार्गदर्शक! पुढे ही कल्पना अनेक देशांत गेली. झुरिकच्या हॉटेलाचं बीज अशाच एका प्रदर्शनात पडलं आणि हैदराबादचं भोजनगृहही या प्रदर्शनाचाच एक भाग होतं. या सगळ्या ठिकाणी अंध माणसांना पगाराचं काम मिळालं, तेही कुणी उपकार म्हणून दिलेलं नाही. त्या अंधारात ते काम डोळस वाढप्याला जमलंच नसतं!

आपलं ताट म्हणजे घड्याळच!

अंध माणसाला ताटातले पदार्थ कसे सांगायचे, याची एक सोपी युक्ती जगभर वापरतात. ताट म्हणजे घड्याळाची तबकडी समजायची. आपल्याकडची बाजू म्हणजे ६, समोरची म्हणजे १२. “भात सहावर, भाजी दोनवर, चटणी अकरावर.” संपलं! मग कुणी भरवायला नको की हात धरून दाखवायला नको.

आता आपल्या आजीच्या पद्धतीने वाढलेलं ताट आठवा. वर मधोमध मीठ. मिठाच्या डाव्या हाताला लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. उजव्या हाताला भाजी, त्याखाली वरणाची किंवा आमटीची वाटी. भात आपल्या पुढ्यात. आजीच्या ताटात मीठ कधी उजवीकडे गेलेलं पाहिलंय? नाही ना! प्रत्येक पदार्थाची जागा ठरलेली. म्हणजे १२ वाजता मीठ, १० वाजता कोशिंबीर, २ वाजता भाजी. असं ताट समोर आलं तर ती ताटातली कोशिंबीर डोळे मिटूनही सापडेल.

अंध माणसाचं घर असंच असतं. तांब्या तिथेच, चप्पल तिथेच, काठी तिथेच. वस्तू जागच्या जागी असली की डोळ्यांवाचून काही अडत नाही. आणि आपण काय करतो? वापरली की टाकली कुठेही! मग डोळे असूनही सगळं घर शोधत फिरतो.

ही व्यवस्था मोठ्या गोष्टींतही असते. घरच्यांकडून एक ५०० रुपयांची नवी नोट मागून घ्या आणि तिच्या डाव्या-उजव्या कडेवरून अलगद बोट फिरवा. ५ तिरप्या उंचवट्याच्या रेघा लागतील. १०० रुपयांच्या नोटेवर ४ रेघा आहेत. २०० रुपयांच्या नोटेवरही ४ रेघाच, पण मध्ये २ गोल. बोटाने नोट ओळखता यावी म्हणूनच त्या छापल्या आहेत. आपण रोज नोटा हाताळतो, पण कधी लक्षात आलं होतं?

अंधांचे कान तिखट असतात का?

पुष्कळांना वाटतं, देवाने डोळे घेतले आणि त्या बदल्यात तिखट कान दिले. तसं नाही. कान तेच असतात. फरक पडतो तो लक्ष देण्याने आणि सरावाने. पांढरी काठी घेऊन चालणारा माणूस नीट पाहा. उजवा पाय पुढे पडतो तेव्हा काठीचं टोक डावीकडे टेकतं. डावा पाय पडतो तेव्हा उजवीकडे. म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार, ती जागा काठीने आधीच तपासलेली असते! हे शिकावं लागतं, घोटावं लागतं.

ब्रेल लिपीचंही तसंच. फ्रान्सच्या लुई ब्रेलची दृष्टी लहानपणीच अपघाताने गेली होती. त्याने वयाच्या पंधराव्या वर्षी, १८२४ साली, ही ठिपक्यांची लिपी तयार केली. फक्त ६ ठिपके. पण त्यांच्या ६३ वेगवेगळ्या रचना होतात. मराठीतही ब्रेल आहे. स्वागत थोरात यांनी २००८ साली ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. १९९६ साली शास्त्रज्ञांना एक नवल आढळलं. लहानपणापासून अंध असलेली माणसं बोटांनी ब्रेल वाचतात, तेव्हा त्यांच्या मेंदूतला ‘पाहण्याचा’ भाग कामाला लागतो! मेंदूने ती जागा रिकामी पडू दिली नाही. बोटांना देऊन टाकली.

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी वसवलेलं आनंदवन आहे. तिथे अंध मुलांची शाळा आहे. तिथल्याच ‘स्वरानंदवन’ या वाद्यवृंदात अंध कलाकार आणि इतर अपंग कलाकार मिळून गाण्या-बजावण्याचे कार्यक्रम करतात. डॉ. विकास आमटे यांच्या कल्पनेतून हा वाद्यवृंद उभा राहिला. लोक तिकीट काढून त्यांचं गाणं ऐकायला जातात.

एक तास आणि दहा वर्षं

आता एक महत्त्वाची गोष्ट. नीट वाचा.

डोळ्यांवर पट्टी बांधून दहा मिनिटं फिरलं की आपण अडखळतो, धडपडतो, घाबरतो. आणि पट्टी सोडून म्हणतो, “बिचारे अंध! त्यांना काहीच करता येत नसेल!” अमेरिकेतल्या एरिएल सिल्वरमन या संशोधिका स्वतः जन्मापासून अंध आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गोष्टीचा अभ्यास केला आणि तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. काही लोकांना डोळे बांधून साधी कामं करायला सांगितली. नंतर विचारलं, अंध माणूस नोकरी करू शकेल का, एकटा राहू शकेल का? ज्यांनी पट्टी बांधली होती, त्यांना अंध माणसं इतरांच्या मानाने कमी कर्तबगार वाटली. म्हणजे खेळ केला समजून घेण्यासाठी आणि झाली उलटीच समजूत!

असं का व्हावं? कारण पट्टी बांधलेला माणूस असतो अंधारातला पहिलीतला विद्यार्थी. पहिल्या दिवशी पाटीवर ‘ग’ काढताना तुमचाही हात वाकडातिकडा गेला होता. तो पाहून कुणी म्हणालं असतं, “या पोराला लिहिता येणारच नाही,” तर चाललं असतं का? अंध माणसाने अंधाराच्या शाळेत दहा-दहा, वीस-वीस वर्षं काढलेली असतात. त्याची परीक्षा आपल्या पहिल्या दिवसावरून कशी घेणार?

म्हणूनच अंधारातल्या त्या हॉटेलाची युक्ती मला पट्टीच्या खेळापेक्षा मोलाची वाटते. तिथे तुम्ही एकटे चाचपडत नाही. ज्याला अंधार येतो, असा एक माणूस तुमच्यासमोर सफाईने चालतो, वाढतो, सावरतो. आपण जेवून बाहेर येतो तेव्हा त्याची कीव करायचं सुचतच नाही. आपण त्याला ‘धन्यवाद’ म्हणतो.

करून पाहा

हैदराबाद किंवा झुरिक कशाला? आपल्या घरीच करा अंधारातली पंगत! मात्र एक दिवस नाही, ओळीने तीन दिवस.

• घरातलं मोठं माणूस जवळ हवं. जेवण कोमट असू द्या. माशाचे काटे, मिरच्या, शेवग्याच्या शेंगा ताटात नकोत. डोळे बांधून जिन्यावर किंवा चुलीपाशी जायचं नाही.

• पहिला दिवस : डोळे बांधून जेवा. किती शितं सांडली, ते पट्टी सोडून मोजा आणि वहीत लिहा.

• दुसरा दिवस : वाढणाऱ्याने ताट घड्याळाप्रमाणे सांगायचं. “मीठ बारावर, कोशिंबीर दहावर.” पुन्हा सांडलेलं मोजा.

• तिसरा दिवस : स्वतः पेल्यात पाणी ओता. पेला भरत आला की पाण्याचा आवाज कसा बदलतो, तो ऐका. काठावर बोटाचं टोक आत ठेवलं की पाणी बोटाला लागताच थांबता येतं.

• नाक चिमटीत धरून कच्च्या बटाट्याची आणि सफरचंदाची छोटी फोड खा. ओळखता येतं का? मग नाक सोडा.

तिसऱ्या दिवसाचा आकडा पहिल्या दिवसाच्या शेजारी लिहा. तीन दिवसांत एवढी प्रगती, तर दहा वर्षांत किती? हे गणित मात्र तुमचं तुम्हीच सोडवा.

आणि रस्त्यात कुणी अंध व्यक्ती भेटली तर? एकदम दंडाला धरून ओढू नका. आधी विचारा, “काका, मदत हवी का?” ‘हो’ म्हणाले तर आपलं कोपर पुढे करा. ते धरतील आणि तुमच्या अर्धं पाऊल मागे चालतील. ‘इकडे या, तिकडे जा’ असं सांगून काही कळत नाही. ‘डाव्या हाताला, चार पावलांवर, एक पायरी वर’ असं सांगा. निघताना ‘मी जातो’ हे सांगायला विसरू नका, नाहीतर ते बिचारे हवेशी बोलत राहतील! आणि ‘नको’ म्हणाले तर रागावू नका.

आई-बाबांसाठी चार ओळी

आमच्या जंगलभागात गावं दूर-दूर आहेत. एखाद्या टोल्यावर अंध मूल जन्मलं तर घरचे त्याला फार जपतात. ‘तू बस, पडशील’ म्हणतात. ताट हातात आणून देतात, पाणी आणून देतात. यात माया असते. पण बसून राहिलेल्या मुलाचे हात-पाय शिकत नाहीत आणि वय मात्र वाढत जातं. त्याला चूल-विहीर सांभाळून, पण घरभर फिरू द्या. ताटं मांडू द्या, पंगतीत मीठ वाढू द्या. चार वेळा सांडेल, पाचव्यांदा नाही सांडणार.

आणि त्याला शाळेत पाठवाच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने, ४० टक्के वा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. गावची शाळा किंवा विशेष शाळा, दोन्हीही दारं उघडी आहेत. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी १०० मागे ४ जागा राखीव आहेत, त्यातली १ अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी. पण त्या जागेपर्यंत पोचायचं तर सुरुवात पहिलीच्या वर्गापासून व्हायला हवी. तुमच्या ओळखीत असं मूल घरी बसलेलं असेल, तर गावच्या गुरुजींना किंवा बाईंना आजच सांगा. आणि मुलांनो, ते तुमच्या वर्गात आलं की त्याला आपल्या बाकावर जागा द्या. डबा खाताना फक्त एवढंच सांगा, “चटणी अकरावर आहे रे!” बाकीचं तो पाहून घेईल.